चित्रं रंगवता रंगवता इंग्रजी : खर्च किती आणि कशावर?

तीन-साडेतीन वर्षांचं मूल घरात असलं की इंग्रजीची चिंता सुरू होते. मराठी शाळांमध्येसुद्धा २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मग त्याआधीच थोडी तयारी करून घ्यावी असं पालकांना वाटतं. दुकानात जावं तर ‘ए फॉर ॲपल’ची जाड पुस्तकं, मोबाइल उघडावा तर हजारो वर्कशीटच्या जाहिराती, आणि बालवाडीच्या फीमध्ये ‘वर्कशीट आणि साहित्य’ अशी एक वेगळी ओळ. यातलं नेमकं काय घ्यायचं?

आधी निष्कर्ष सांगते. रंगवायचं चित्र ही इंग्रजी शिकवण्याची अतिशय चांगली आणि अतिशय स्वस्त वस्तू आहे. मात्र मूल कोपऱ्यात एकटं बसून चाळीस पानं रंगवेल, तर त्याचा हात वळेल. इंग्रजी येणार नाही. इंग्रजी येतं ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या बोलण्यातून. चित्र त्या बोलण्याला विषय देतं, मुलाचे हात गुंतवून ठेवतं आणि त्याला ऐकायला निवांत करतं. म्हणून कागदावर आणि रंगांवर कमीत कमी खर्च करा, आणि जे वाचेल ते वेळेच्या रूपाने मुलाला द्या.

आधी दर पाहू

खालचे आकडे साधारण बाजारभावाचे आहेत. गाव, दुकान आणि कंपनी यांप्रमाणे ते थोडे वर-खाली होतील.

- काळी-पांढरी झेरॉक्स, ए-४, एका बाजूने : १ ते २ रुपये. शंभराच्या वर प्रती काढल्या तर बहुतेक दुकानदार दर उतरवतात.
- मोबाइलवरून पाठवलेल्या फाइलची पहिली प्रिंट : ५ ते १० रुपये. एकच प्रिंट काढावी, बाकीच्या तिच्या झेरॉक्स.
- कोरा ए-४ कागद, ५०० पानांचं रीम : २५० ते ३५० रुपये, म्हणजे पानामागे ५० ते ७० पैसे.
- छापील कलरिंग बुक : ३० ते १५० रुपये.
- साधे मेणखडू, १२ रंग : १० ते ३० रुपये.
- जाड किंवा प्लास्टिक क्रेयॉन, १२ रंग : ४० ते ८० रुपये.
- ऑइल पेस्टल, १२ रंग : ४० ते ७० रुपये.
- रंगीत पेन्सिली, १२ रंग, पूर्ण लांबीच्या : ६० ते १२० रुपये.
- ए-४ पान लॅमिनेट करणं : २० ते ३० रुपये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल, शार्पनर आणि वह्या यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. मुलांच्या चित्रांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांवर तो आधीपासूनच नाही. दुकानात जुना माल असेल तर छापील किंमत जुनी दिसू शकते. तेव्हा ‘कर कमी झालाय, नवा भाव काय?’ हे नि:संकोच विचारावं. स्केचपेन मात्र या सवलतीत येत नाहीत.

सर्वांत मोठी बचत एका साध्या युक्तीत आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला पूर्ण ए-४ चित्र मोठं पडतं. दहा मिनिटांत ते पुरं होत नाही, मूल कंटाळतं आणि चित्र अर्धवट राहतं. एका पानावर दोन चित्रं बसवून झेरॉक्स काढा आणि पान मधोमध कापा. चित्र मुलाच्या आवाक्यात येतं आणि खर्च निम्मा होतो. दोन्ही बाजूंनी छापून मात्र बचत करू नका. मागून रंग उमटतो आणि नंतर चित्र कापून त्याचा खेळ करता येत नाही.

कोणतं चित्र घ्यावं?

बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत ‘आय’साठी इग्लू, ‘एक्स’साठी झायलोफोन आणि ‘वाय’साठी याक असतो. सांगली-साताऱ्याच्या मुलाने यातलं काहीही पाहिलेलं नसतं. त्यामुळे त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात : ही वस्तू काय आहे, आणि तिला इंग्रजीत काय म्हणतात. पहिलं ओझं उतरवा. वस्तू ओळखीची असली की शब्द पटकन बसतो.

त्याहून सोपी सुरुवात म्हणजे मराठी घरात रोज बोलले जाणारे इंग्रजी शब्द : बस, ट्रक, बॉल, बॅट, कप, फॅन, टेबल, पेन, ट्रेन, केक. हे शब्द मुलाच्या कानात आधीच आहेत. एसटीच्या बसचं चित्र समोर ठेवा आणि ‘रेड बस’ म्हणा. दोनपैकी एकच शब्द नवा. तो बसला की ‘बिग बस’, मग ‘टू बसेस’. त्यानंतर घराभोवतीचे प्राणी आणि फळं घ्या : काऊ, हेन, कॅट, गोट, मँगो, बनाना. ऋतू आणि सण सोबतीला असतातच. संक्रांतीला काइट, पावसात अंब्रेला आणि फ्रॉग, पोळ्याला बुल, दिवाळीला लॅम्प. ज्या आठवड्यात मूल ती गोष्ट डोळ्यांनी पाहतं, त्याच आठवड्यात तिचं चित्र द्यावं.

पुस्तक किंवा पान निवडताना हे तपासा :

- बाहेरची रेघ जाड आणि ठळक हवी. झेरॉक्समध्ये बारीक रेघा पुसट होतात.
- एका पानावर एक ते चार मोठ्या आकृत्या पुरेत. नक्षीकाम, बारीक पानं-फुलं, गर्दीची पार्श्वभूमी नको.
- कागद थोडा खरखरीत हवा. गुळगुळीत, चकचकीत कागदावर मेणखडू घसरतो.
- पानं सुटी करता येतील असं पुस्तक जास्त उपयोगी.
- शेजारी छापलेलं रंगीत नमुनाचित्र नसलेलं बरं. ते असलं की मूल नक्कल करत राहतं आणि तुमच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष राहत नाही.

फुकट काय मिळतं?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. पहिलीच्या इंग्रजी पुस्तकातले शब्द पाहून त्यांची चित्रं काढून घेता येतात. पुढे शाळेत तेच शब्द भेटतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मंचावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं मुक्त परवान्याखाली आहेत. आधी गोष्ट मराठीत सांगावी आणि मग तिच्यातल्या एखाद्या प्राण्याचं रेखाचित्र रंगवायला द्यावं. ब्रिटिश काउन्सिलच्या लहान मुलांसाठीच्या इंग्रजी संकेतस्थळावर छापून घेण्याजोगी चित्रं आहेतच, शिवाय गाणी आणि गोष्टी ऐकताही येतात, म्हणजे उच्चाराची सोय झाली.

आणि सर्वांत स्वस्त चित्र तुमच्या हातचं. बांगडी ठेवून गोल काढला की बॉल, वरती देठ आणि पान काढलं की ॲपल, खाली दोरा सोडला की बलून. कॅलेंडरची मागची बाजू, एका बाजूने वापरलेले कागद, पाटी, अंगणातली फरशी, काहीही चालतं. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, शंख-शिंपले, खडे अशा परिसरातल्या वस्तूंमधूनच शिकण्याची साधनं उभी केली. महागड्या साहित्यावाचून बालशिक्षण अडत नाही, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर प्रत्यक्ष करून दाखवलं.

दहा मिनिटं कशी वापरायची?

पैशांचा हिशेब इथे संपतो आणि खरा खर्च सुरू होतो, तो म्हणजे तुमचा वेळ. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा मिनिटं. एका चित्रात पाच-सहाच शब्द.

*रंगवण्याआधी दोन मिनिटं.* खडू अजून हातात द्यायचा नाही. चित्रावर बोट ठेवत शब्द दोन-तीनदा म्हणा. मग ‘व्हेअर इज द कॅट?’ विचारा. मुलाने फक्त बोट ठेवलं तरी ते पूर्ण उत्तर आहे. या वयात ऐकून समजणं आधी येतं, बोलणं मागून येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी सूचना ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याची जी पद्धत मांडली, तिचा पायाच हा आहे. ‘म्हणून दाखव ना’ असा आग्रह धरला की मूल आक्रसतं.

*रंगवताना सहा मिनिटं.* सूचना इंग्रजीत, छोट्या आणि दर वेळी त्याच साच्यात : ‘टेक द रेड क्रेयॉन. कलर द बॉल रेड.’ मुलाला कळलं नाही तर लाल खडू उचलून दाखवा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. लगेच मराठीत सांगितलं तर ते इंग्रजी वाक्याकडे कान देणं सोडून देतं. गोंधळून रडवेलं झालं तर मात्र मराठी बोला. मन शांत असलं तरच भाषा आत जाते.

मुलाने गाय निळी रंगवली तर दुरुस्त करू नका. ‘ओह, अ ब्लू काऊ!’ एवढं आनंदाने म्हणा. त्याला निळ्या रंगाचा शब्द मिळाला, आणि तो त्याच्या स्वतःच्या निवडीला चिकटलेला असल्यामुळे लक्षात राहील.

*रंगवून झाल्यावर दोन मिनिटं.* चित्र घेऊन मूल आजीकडे, आजोबांकडे, ताईकडे जातं आणि दाखवतं. आजोबांनी मुद्दाम चूक करावी : ‘इज इट अ डॉग?’ मूल ‘नो! कॅट!’ म्हणून ओरडेल. हा त्याचा पहिला इंग्रजी संवाद.

त्याच पानाचे आणखी दोन उपयोग होतात. दुसऱ्या दिवशी चित्रं कापून पत्ते करा आणि उलटे ठेवून जोड्या लावण्याचा खेळ खेळा; यासाठी त्याच पानाची एक जादा प्रत काढून ठेवावी. आठवडाअखेरीस ती दोऱ्याला लावून भिंतीवर टांगा आणि येता-जाता विचारा. दोन रुपयांत आठवडाभर पुरणारं साहित्य तयार होतं.

वयाप्रमाणे अपेक्षा बदलते. तीन ते चार वर्षांत शब्द ऐकून ओळखणं आणि रंग निवडणं पुरे. चार ते पाच वर्षांत ‘इट इज अ रेड बस’ असं छोटं वाक्य येऊ लागतं. पाच ते सहा वर्षांत शब्दाचा पहिला ध्वनी ऐकू येतो; ‘बॉल, बस, बॅट’ यांची सुरुवात सारखी आहे हे लक्षात आलं की मग त्या ध्वनीचं अक्षर दाखवावं. तीन वर्षांच्या मुलाकडून पोकळ ‘ए’ आणि ‘बी’ रंगवून घेण्यात पैसा आणि उत्साह दोन्ही वाया जातात.

वर्षाचं अंदाजपत्रक

एका मुलासाठी वर्षातले ४० आठवडे आणि आठवड्याला दोन चित्रं धरली, तर ८० चित्रं होतात.

*साधा मार्ग.* अर्ध्या पानावरची चित्रं, म्हणजे ४० झेरॉक्स : ८० रुपये. जाड क्रेयॉनच्या दोन डब्या : साधारण १०० रुपये. शंभर कोरे कागद : ७० रुपये. चित्रं ठेवायला एक फाइल : ३० रुपये. एकूण २८० रुपये. एवढ्यात वर्ष उत्तम निघतं.

*मधला मार्ग.* यात सुट्या पानांची दोन चांगली पुस्तकं आणि रंगीत पेन्सिलींची एक डबी वाढवा. एकूण ५०० ते ६०० रुपये. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला पेन्सिलींचा उपयोग होतो, त्याआधी नाही.

*महाग मार्ग.* महिन्याला घरपोच येणारा ॲक्टिव्हिटी बॉक्स. महिना ६०० रुपये धरले तरी वर्षाचे ७,२०० होतात. वस्तू देखण्या असतात, पण मुलाशी बोलायला माणूस त्यातून येत नाही.

साध्या मार्गातले कोरे कागद विसरू नका. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथातून कलरिंग बुकांवर कडक टीका केली होती. दुसऱ्याने आखलेल्या रेघांची सवय लागली की मूल स्वतःच्या कल्पनेने काढणं सोडून देतं, असं त्यांचं म्हणणं. हा इशारा मनावर घ्यावा. एक दिवस छापील चित्र, एक दिवस कोरा कागद असा क्रम ठेवा. मूल रेघोट्या मारून ‘ही आमची गाडी’ म्हणालं की तुम्ही म्हणा, ‘युवर कार! अ बिग कार!’ इंग्रजी तिथेही तितकंच मिळतं, आणि कोरा कागद झेरॉक्सहून स्वस्त.

बालवाडीतल्या ताईंसाठी

वीस मुलं, ३६ आठवडे, दर आठवड्याला अर्ध्या पानाचं एक चित्र : ७२० चित्रं, म्हणजे ३६० झेरॉक्स. दीड रुपया दराने ५४० रुपये. चार मुलांमागे एक डबी, वर्षातून तीनदा नवी : १५ डब्यांचे ६०० रुपये. कात्र्या, डिंक, दोरा : २०० रुपये. एकूण १,३४० रुपये, म्हणजे मुलामागे वर्षाला ६७ रुपये.

चौघांत एक डबी ठेवण्यामागे काटकसरीखेरीज दुसराही हेतू आहे. ‘ग्रीन, प्लीज’ आणि ‘थँक यू’ म्हणण्याची गरज तिथे आपोआप निर्माण होते. गरजेतून आलेला शब्द टिकतो.

पालकांनी हाच हिशेब जवळ ठेवावा. शाळा वर्कशीटपोटी मुलामागे हजार-दीड हजार रुपये मागत असेल, तर त्यात काय-काय येतं, पानं किती, रंग शाळेचे की घरचे, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न : मुलं रंगवत असताना ताई त्यांच्याशी काय बोलतात?

पैसे कुठे अडकतात?

*‘दहा हजार वर्कशीट फक्त ९९ रुपयांत.’* फाइल स्वस्त असते, छपाई नव्हे. वर्षाला ८० चित्रं या वेगाने दहा हजार संपायला सव्वाशे वर्षं लागतील. शिवाय अशा गठ्ठ्यांत इतरांची चित्रं परवानगीशिवाय घेतलेली असू शकतात. पैसे भरून फाइल आलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. सरळ फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर ताबडतोब.

*घरचा प्रिंटर.* शाईच्या टाकीचा प्रिंटर साधारण १२ हजारांचा धरा. कागद-शाई वजा जाता झेरॉक्सच्या तुलनेत पानामागे सव्वा रुपया वाचला, तरी किंमत वसूल व्हायला साडेनऊ हजारांहून जास्त पानं छापावी लागतील. घरात दुसरं काम असेल तरच घ्यावा, चित्रांसाठी नको.

*रंगवण्याची ॲप.* पडद्यावर बोट टेकवलं की चौकट आपोआप भरते, त्यात पकड तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, कमी असेल तितका चांगला. मोफत चाचणीनंतर वर्गणी आपोआप कापली जाते का, हेही तपासा.

*छत्तीस आणि अठ्ठेचाळीस रंगांच्या पेट्या.* शिकवायचे रंग आठ-दहाच. जास्त रंग म्हणजे जास्त गोंधळ आणि जास्त तुटलेले खडू.

रंग घेताना काळजी

डबीवर कंपनीचं नाव-पत्ता, ‘नॉन-टॉक्सिक’ असा उल्लेख आणि कोणत्या वयासाठी हे छापलेलं असावं. नाव-गाव नसलेले, उग्र वासाचे सुटे खडू स्वस्त असले तरी घेऊ नयेत. या वयात खडू तोंडात जातोच. तीन वर्षांखालच्या मुलांना खडूचे छोटे तुकडे आणि स्केचपेनची टोपणं देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते. सुरुवातीला मूल मुठीत धरतं, म्हणून जाड खडू. चार वर्षांनंतर मात्र तुटका, पेरभर खडू फायद्याचा. तो मुठीत धरता येत नाही, त्यामुळे बोटांच्या चिमटीत धरावा लागतो आणि पेन्सिलीची पकड तयार होते. तुटलेले खडू फेकू नका.

आम्हालाच इंग्रजी नीट येत नाही, मग?

हा प्रश्न मनात धरून अनेक आया महागड्या क्लासची वाट धरतात. ताई, पाच-सहा शब्द आणि तीन वाक्यं एवढंच लागतं : ‘व्हेअर इज...?’, ‘कलर द...’, ‘व्हॉट इज इट?’ वर्षभर तीच. संध्याकाळी ब्रिटिश काउन्सिलच्या संकेतस्थळावरचं एखादं गाणं मुलासोबत ऐकावं आणि उच्चार दोघांनी मिळून सुधारावा. घरात पाचवी-सहावीतला दादा किंवा ताई असेल तर त्यांना शिक्षक करा. त्यांचंही इंग्रजी पक्कं होतं. आणि बाकी सगळा वेळ मुलाशी भरपूर मराठी बोला. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान वयात घरच्या भाषेवर भर देतं. ज्याला मराठीत वर्णन करता येतं, प्रश्न विचारता येतो, त्याला दुसरी भाषा जड जात नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला इतकंच विचारा : हे विकत घेतल्यावर मुलाशेजारी कोण बसणार, आणि कधी? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आणि ठरलेला वेळ असेल तर पन्नास रुपयांच्या क्रेयॉनवर आणि दहा झेरॉक्सवर आजच सुरुवात करा. उत्तर नसेल तर आधी ते शोधा. तोवर पाकीट खिशातच राहू द्या.